एका घराची तीन पुस्तके

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण कोकणाने जितक्या निष्ठेने पाळली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी पाळली असेल. घरावरचे कर्ज, मुलीचे मोडलेले लग्न, भावाभावांतला वाटणीचा तंटा, म्हाताऱ्याचे दुखणे, यांपैकी काहीही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही हा आपल्या आजीचा दंडक होता, आणि तो हिंदू घरात जसा होता तसाच ख्रिस्ती घरातही होता. असे असता, परक्या वाचकापुढे आपले घर उघडे करून ठेवणारी जी मराठी पुस्तके आहेत त्यांतली किती तरी याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिली, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, देवरूखच्या जोशांच्या दोन मुली, पालगडचे साने गुरुजी. लक्ष्मीबाई टिळक नाशिककडच्या. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा जो मध्यबिंदू, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांचाही जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झालेला.

हा विषय आज काढण्याचे कारण उघड आहे. आता उंबरा उरलेला नाही. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याच्या खिशात छापखाना आहे, आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांडणापर्यंत सारे काही, ज्यांचे तोंडही आपण कधी पाहिले नाही अशा माणसांपुढे घटकाभरात जाऊन पडते. यावर आपल्या धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांचे मत ठरलेले आहे, ते म्हणजे हा निव्वळ निर्लज्जपणा. तरुणांचेही ठरलेले आहे: खरे बोलण्यात लाज कसली? आम्हांला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. आपले रोजचे जगणे परक्याला सांगणे हे मुळात वाईट असते तर वर सांगितलेली पुस्तके लिहिली जायला नको होती. आणि खरेपणा एवढी एकच कसोटी पुरेशी असती, तर त्या पुस्तकांतले एक आपण पुन्हा पुन्हा वाचतो आणि दुसरे एकदा वाचून ठेवून देतो, असे झाले नसते. तेव्हा ही पुस्तकेच जरा जवळून पाहावीत, असे आम्ही योजिले आहे.

त्यांतल्या तीन पुस्तकांचा योग विलक्षण आहे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली. आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सारे बाया कर्वे म्हणत, त्यांचे ‘माझे पुराण’ कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली १९४४ साली निघाले. नवरा, बायको आणि बायकोची धाकटी बहीण या तिघांनी एकाच घराविषयी, एकाच संस्थेविषयी, एकाच काळाविषयी लोकांना सांगितले. आणि सांगितले ते तिघेही हयात असताना, एकमेकांच्या डोळ्यांसमोर. कर्वे १९६२ पर्यंत जगले, बाया १९५० पर्यंत. बायांनी आपल्या संसाराची कैफियत छापली तेव्हा ज्याच्याविषयी ती होती तो गृहस्थ, वयाची पंचाऐंशी उलटलेला, ती वाचायला जिवंत होता. असे उदाहरण मराठीत दुसरे कुठे असले तर ते आमच्या वाचनात नाही.

ज्या वाचकांनी ही पुस्तके पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगितली पाहिजे. देवरूखच्या जोशांची गोदूबाई लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाली. वीसबावीस वर्षांची झाल्यावर भावाच्या आधाराने ती मुंबईला आली आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी उघडलेल्या शारदा सदनात दाखल झाली. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचा भाऊ नरहरपंत हा कर्व्यांचा मित्र. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली, तेव्हा पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात गोदूबाईची आनंदीबाई झाली. मुरूड गावाने बहिष्कार टाकला. मुलगा घरी आला तर त्याला घरात घेऊ नये, असा धाक आईला आणि भावाला घालण्यात आला. पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला, आणि हे प्राध्यापक महाशय कॉलेजातले शिकवणे आटोपून रोज पायी तिकडे जाऊ लागले.

आता ‘आत्मवृत्त’ पाहा. नावातच ‘वृत्त’ आहे, आणि पुस्तकही वृत्तासारखेच आहे: संथ, स्वच्छ, जमाखर्च मांडावा तसे. कर्व्यांना स्वतःविषयी सांगायला संकोच वाटे हे पानोपानी जाणवते. तरीही जिथे ते आपल्या कमीपणाचे सांगतात तिथे लेखणी जिवंत होते. सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठी पावसापाण्यातून घाट ओलांडून मुरूडहून साताऱ्याला पायी जातो आणि वय कमी दिसते एवढ्या कारणावरून त्याला बसूच देत नाहीत. हा प्रसंग ज्याने एकदा वाचला तो विसरू शकत नाही. तिथे तक्रार नाही, परीक्षकाला शिव्याशाप नाहीत, फक्त परतीची वाट आहे. रोजच्या आयुष्यातला एक अपमान परक्याला सांगायचा तर तो असा सांगावा.

पण याच पुस्तकात घर कुठे आहे? ते आहे, परंतु संस्थेच्या वाटेवर लागणाऱ्या धर्मशाळेसारखे. वाचक तिथे क्षणभर टेकतो आणि पुढे चालू लागतो. ज्या बाईने गावाचा बहिष्कार बरोबरीने सोसला तिचे मन कसे होते, महिनाअखेर चूल कशी पेटत होती, हे आपल्याला विचारावेसे वाटते आणि उत्तर मिळत नाही. काहींना हा संयम वाटेल. आम्हांलाही तो काही अंशी संयमच वाटतो. बायकोविषयी बोलायचे नाही, ही त्या पिढीतल्या पुरुषाची सभ्यता होती. पण सभ्यतेने गाळलेली जागा ही शेवटी गाळलेलीच जागा असते, आणि ती एकोणतीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागली.

मधल्या काळात पार्वतीबाई बोलल्या. त्यांचे चरित्र अद्भुत आहे. तरुणपणी वैधव्य, पदरी एक मुलगा, आणि लिहायला-वाचायला शिकल्या त्या पंचविशी उलटल्यावर. मग त्याच आश्रमात शिक्षिका, नंतर गावोगाव फिरून आश्रमासाठी निधी गोळा करणाऱ्या. १९१८ साली ही बाई इंग्रजी भाषा जवळजवळ येत नसताना अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि १९२० साली परत आली. थोरल्या बहिणीने पुनर्विवाह केला. हिने करायचा नाही असे ठरवले आणि तसे स्पष्ट सांगितले. केशवपन केलेले डोके पुन्हा केस वाढवून लोकांत न्यावे की नाही, हा प्रश्न आज आपल्याला क्षुल्लक वाटेल. तिच्यासाठी तो जन्माचा प्रश्न होता, आणि केस वाढवण्याचा निर्णय घेतल्यावर तो तिने समाजापुढे मांडला.

‘माझी कहाणी’त अनुभवाइतकीच मते आहेत. स्त्रीशिक्षणाविषयी, पोशाखाविषयी, विधवांनी कसे राहावे याविषयी. खरे सांगायचे तर ती सारीच मते आम्हांला पटत नाहीत. पण त्या मतांची एक गोष्ट आम्हांला फार आवडते: प्रत्येक मताची किंमत लेखिकेने स्वतःच्या अंगावर मोजलेली आहे. केसांविषयी बोलते ती केस काढलेली बाई. श्रमाविषयी बोलते ती परमुलखात परक्यांची भांडी घासलेली बाई. मत फुकट मिळत असले की ते स्वस्त होते. बाजारभाव, राजकारण, दुसऱ्याच्या सुनेचा पोशाख यांवर आज जी मते दिवसाकाठी शेकड्यांनी आपल्यापर्यंत येतात, त्यांच्या मागे असे काही मोजलेले दिसत नाही. १९३० साली जस्टिन अ‍ॅबट या मिशनऱ्याने या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध केले, म्हणजे देवरूखच्या मुलीची कहाणी, जिथे तिने घरकाम केले त्या देशातल्या अनोळखी घरांतही जाऊन पोहोचली.

बायांच्या पुस्तकाचे नाव ‘माझे पुराण’. हे नाव मराठी माणसाला एकदम कळते. ‘काय पुराण लावले आहेस?’ असे आपण कंटाळून म्हणतो. लेखिकेने ते हसे आधीच स्वतःवर ओढवून घेतले आहे: ऐकायचे तर ऐका, हे पुराण आहे, लांबेल. नवऱ्याचे ‘वृत्त’, बहिणीची ‘कहाणी’ आणि हिचे ‘पुराण’. तिन्ही नावे शेजारी ठेवली की तिघांचे स्वभाव उभे राहतात.

आणि या पुराणात काय नाही? पोरपणचे वैधव्य आहे, शारदा सदन आहे, पुन्हा कुंकू लागल्यावर लोकांच्या नजरा आहेत. पण पुस्तकाचा कणा म्हणजे पैसा. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे वळते आणि घर बायकोने चालवायचे. बायांनी सुईणीचे काम शिकून घेतले, मिळेल तसे कमावले, मुले वाढवली. वर संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवायचा हे कर्व्यांचे धोरण होते. जुन्या वळणाच्या घरांतल्या विधवा एरवी तिथे पाठवल्या गेल्या नसत्या. धोरण बरोबरच होते. पण त्याचा अर्थ असा झाला की ज्याने विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसला त्याच्याच संस्थेत त्याच्या पुनर्विवाहित बायकोला मोकळेपणी वावर नाही, आणि तिची विधवा राहिलेली बहीण मात्र तिथली कार्यकर्ती. यातली बोच बायांनी लपवलेली नाही. महर्षींच्या बायकोने असे बोलावे काय, असे काही वाचकांना वाटण्याजोगे आहे. आम्हांला वाटते, बोलावे. आणि तिने जसे बोलले तसेच बोलावे.

कसे बोलली ते पाहिले पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. तिने नवऱ्याला देव केले नाही आणि खलपुरुषही केले नाही. स्वतःचा तोंडाळपणा, हट्ट, राग हेही त्याच पारड्यात टाकले. तिच्या तक्रारीला उत्तर देता येईल असा माणूस समोर बसलेला असताना ती बोलली; पाठीमागे नव्हे. आणि घटनेनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी बोलली. त्या वर्षांनी पुष्कळ गाळ खाली बसवला होता. ज्या दिवशी घरात पीठ नव्हते त्याच दिवशी ती रस्त्यावर येऊन ओरडली असती, तर लोक जमले असते खरे, पण आज ते कोणाच्या ध्यानात नसते.

इथे आपल्या घरच्या एका गोष्टीची आठवण होते. आपण कुमसाराला जातो तेव्हा एका कानात बोलतो, आणि तो कान कायमचा बंद असतो. पण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलेली दुसरी गोष्ट आपण विसरतो: तिथे फक्त आपले पाप सांगायचे असते, शेजाऱ्याचे नव्हे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतले ९७९ वे कलम धर्मगुरूलाही बजावते की पापातल्या साथीदाराचे नाव विचारू नये. परक्याला आपले जगणे सांगणे म्हणजे काही कुमसार नव्हे. तिथे ना मुद्रा असते, ना क्षमा. तरीही हा नियम लेखनालाही लावून पाहावा. बहुतेक आत्मकथने तिथेच नापास होतात. कारण एकट्याचे असे आयुष्य कुणाचेच नसते. ‘माझे’ म्हणून जे सांगायला घ्यावे त्यात नवरा येतो, सासू येते, मूल येते, आणि त्यांना कुणी विचारलेले नसते.

लक्ष्मीबाई टिळकांनी हा पेच कसा सोडवला? टिळक १९१९ साली वारले होते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघाली. म्हणजे त्यांच्याविषयी त्या बोलल्या तेव्हा टिळक उत्तर द्यायला नव्हते. आणि सांगायचे तर किती! न सांगता घरातून निघून जाणारा, हातचे सारे कुणालाही देऊन टाकणारा, भडक डोक्याचा कवी नवरा. १८९५ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि बायको पाच वर्षे वेगळी राहिली. या साऱ्यावर लक्ष्मीबाई हसतात, पण पहिले हसे त्या आपले करून घेतात. आपले सोवळे, आपली अडाणी भीती, आपला रुसवा. मेलेल्या माणसाची बाजू त्यांनीच सांभाळली आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून टिळकांविषयी कुणाचे मन कडू झाले असे आम्ही ऐकलेले नाही. शेवटचा भाग पूर्ण होण्याआधीच १९३६ साली त्या गेल्या आणि तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला.

संपादणाऱ्या हाताविषयी एक शब्द. लिझ्यूच्या संत तेरेझाची ‘एका आत्म्याची कहाणी’ आपल्या कित्येक घरांत आहे. ती १८९८ साली प्रसिद्ध झाली ती तिच्या बहिणीने पुष्कळ फेरफार करून. तेरेझाने जसे लिहिले होते तसे ते १९५६ साली लोकांपुढे आले, आणि मूळच अधिक रोखठोक निघाले. घरच्या माणसाने गाळावे ते प्रेमापोटीच. पण कधी कधी सांगणाऱ्यापेक्षा गाळणाराच अधिक लाजाळू असतो. तरीसुद्धा आम्ही संपादकाच्या बाजूचे आहोत. आणखी एका माणसाने वाचून ‘हे राहू दे, हे नको’ म्हणावे, याचा उपयोग आजच्या उतावळ्या सांगणाऱ्यांना कळेल तेव्हा कळेल.

आता पालगडकडे वळू. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत त्याचा मोठा भाग लिहून काढला. आई १९१७ साली गेलेली. पुस्तकात सांगणारा श्याम, ऐकणारे आश्रमातले सोबती. दर रात्री एक आठवण. त्यात एक प्रकरण अळणी भाजीचे आहे. आईने भाजीत मीठ घालायला विसरावे, वडिलांनी आणि मुलांनी एक अक्षर न बोलता जेवावे, आणि आई स्वतः जेवायला बसल्यावर तिला ते कळावे. याहून क्षुल्लक गोष्ट ती कोणती? पण नव्वद वर्षे झाली, उभा महाराष्ट्र ती भाजी जेवतो आहे. गुरुजींच्या पुस्तकात काही ठिकाणी अश्रू गरजेपेक्षा जास्त वाहतात, हे आमचे जुने मत आम्ही सोडलेले नाही. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर बोलपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून त्या पुस्तकावर टीका करणे म्हणजे कुणाच्या तरी आईवर टीका केल्यासारखे झाले आहे. ते असो. अळणी भाजीच्या प्रकरणात मात्र एकही अश्रू जास्तीचा नाही.

आम्हांला त्या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट आज फार महत्त्वाची वाटते. श्यामचे भित्रेपण, त्याचे खोटे बोलणे, पोहायला जायचे नाही म्हणून लपून बसणे आणि त्यासाठी खाल्लेला मार, हे सारे कोण सांगतो? श्याम सांगतो. ते त्याचे होते, आणि मोठा झाल्यावर, स्वतःच्या बुद्धीने, त्याने ते दिले. आज मुलाचे पहिले पडणे, पहिले रडणे, नापास झाल्याचे गुणपत्रक, तापाने फणफणलेला चेहरा हे सारे आईबाप देऊन टाकतात, आणि मुलाला तोंड फुटायच्या आत त्याचे निम्मे पुराण परक्यांनी वाचून झालेले असते. पुढे त्याने आपल्या लहानपणाविषयी काही सांगावे म्हटले तर त्याच्या वाट्याला उरते काय? श्यामच्या आईने श्यामची चोरी गावभर सांगितली असती, तर ती ‘श्यामची आई’ झाली नसती.

वडीलधारे ज्याला निर्लज्जपणा म्हणतात त्यातला खरा दोष आम्हांला इथे दिसतो. उघडेपणाविषयी आमची तक्रार नाही. बाया कर्वे पुरेशा उघड्या होत्या. तक्रार आहे ती दुसऱ्याची मूठ उघडण्याविषयी. आणि तरुणांना आमचे एवढेच म्हणणे की गोष्ट खरी असणे म्हणजे ती आपल्या मालकीची असणे नव्हे.

या सगळ्यात परका वाचक कुठे बसतो, हाही प्रश्न उरतो. संत आगस्तीनाने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपली ‘कबुली’ लिहिली ती देवाला उद्देशून; वाचक बाजूला उभा राहून ऐकतो. कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’त वाचक हा संस्थेचा वर्गणीदार आहे; त्याला हिशोब द्यायचा आहे. पार्वतीबाईंपुढे तो सभेत बसलेला आहे. बायांनी त्याला ओटीवर बसवले, तांब्या पुढे केला आणि सांगायला सुरुवात केली. त्याने टाळ्या वाजवाव्यात अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि त्याने न्याय द्यावा अशीही नसावी. अर्धशतक मनात राहिलेले कुणाला तरी सांगायचे होते, आणि घरची माणसे ते ऐकून ऐकून बहिरी झाली होती. अनोळखी माणसाचा हा एक उपयोग आपण नाकारू नये. कधी कधी तोच पहिल्यांदा ऐकतो.

कर्वे १९६२ साली गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे आणि बायांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले. त्यात वडिलांच्या आत्मकथनातला भाग आहे आणि आईच्याही. आयुष्यभर एकाच घरात राहून ज्यांनी आपापले वेगळे सांगितले, त्या दोघांचे म्हणणे मुलाने एकाच पुठ्ठ्यात बांधले.

आपल्या धर्मग्रामातल्या वाचनालयात ही तिन्ही मराठी पुस्तके आणून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे; मिळवायला थोडे कष्ट पडतील. कोणते आधी वाचावे असे कुणी विचारले तर आम्ही ‘आत्मवृत्त’ आधी हाती देऊ, मग ‘माझी कहाणी’, आणि ‘माझे पुराण’ शेवटी. म्हणजे पहिल्या पुस्तकात जिथे जिथे बायको गप्प दिसते ती पाने वाचकाच्या ध्यानात राहतील, आणि बाया बोलू लागल्या की त्याला ती पुन्हा काढून पाहता येतील.